उन्हातली टाकी

माझे वडील मालोजी लोहार. मोशीला नाशिक रस्त्याच्या कडेला चांदभाईंचा छोटासा कारखाना होता, तिथं ते भट्टीवर असायचे. ही हकीकत सुभद्राआत्याची आहे, पण मला ती वडिलांकडून कळली. सांगताना त्यांनी स्वतःची चूक कधी गाळली नाही, म्हणून बाकीचंही खरंच असणार असं मी धरून चालते.

सुभद्राआत्या आमची सख्खी आत्या नव्हे. ती चऱ्होलीची लेक, मोशीत दिलेली. मूलबाळ नव्हतं आणि नवरा कोंडाजी दम्यानं घरीच बसून. चांदभाईंच्या कारखान्यात ती पाणी भरायची. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, अशा इंद्रायणीवरून दिवसाला वीसेक खेपा. बोलणं अगदी कमी. कुठलीही गोष्ट बोटांनी मोजायची मात्र तिला खोड होती. विहिरीचं पाणी किती बोटं उतरलं, म्हशीच्या पाठीवरची जखम किती बोटं भरत आली, हे तिला विचारावं आणि तिनं बिनचूक सांगावं.

कारखान्यात तिचं मुख्य काम टाकीला पाणी देण्याचं. मोशीत तेव्हा वीज नव्हती. लोखंडाला लोखंड जोडायचं तर गॅसच्या ज्योतीवर, आणि तो गॅस कारखान्यातच तयार व्हायचा. पाण्यानं भरलेली एक मोठी गोल टाकी, तिच्यात पालथा घातलेला तसलाच पत्र्याचा टोप. शेजारच्या डब्यात कार्बाइडचे खडे टाकून त्यावर पाणी सोडलं की गॅस निघायचा आणि नळीतून त्या पालथ्या टोपाखाली जमायचा. गॅस जमेल तसा टोप पाण्यातून वर यायचा, वापरला जाईल तसा खाली जायचा. टोप किती वर आहे त्यावरून आत गॅस किती आहे ते कळतं, असं सगळे मानत. वडीलही मानत.

ही टाकी वर्षानुवर्षं एका जुन्या चिंचेखाली होती. १९५६ च्या दिवाळीनंतर रस्ता रुंद करायचा म्हणून ती चिंच तोडली. थंडीचे दिवस होते, कुणाला काही वाटलं नाही. उलट उजेड आला म्हणून चांदभाई खूश झाले. त्याच सुमारास पिंपरीकडे नव्या वसाहतीच्या चाळी उठत होत्या, आणि तिथल्या खिडक्यांच्या लोखंडी चौकटींचं काम त्यांना मिळालं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. वेल्डिंगला त्यांचा मेहुणा इकबाल होता. हात चांगला, डोकं तापट. कामाला खळ पडायला नको म्हणून तो भल्या सकाळीच खडे टाकून टोप पार वरपर्यंत आणून ठेवायचा.

चैत्रात ऊन तापायला लागलं तेव्हा सुभद्राआत्याच्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळी टोप टाकीच्या काठावर जेवढा असायचा, त्यापेक्षा दुपारी तो चार बोटं वर यायचा. इकबाल जेवायला बसलेला, ज्योत बंद, खड्यांचा डबा रिकामा, तरीही वर. संध्याकाळी ऊन उतरलं की आपोआप खाली. पहिले दोन दिवस तिला भीतीच वाटली. आत काहीतरी जिवंत आहे आणि ते श्वास घेतंय असं वाटायचं, असं तिनं नंतर माझ्या आईला सांगितलं. मग ती रोज मोजायला लागली. ज्या दिवशी आभाळ असायचं त्या दिवशी टोप एखादंच बोट वर यायचा. ज्या दिवशी ऊन कडक, त्या दिवशी चार, साडेचार.

तिनं इकबालला सांगितलं. तो म्हणाला, खडे कुठंतरी अडकून राहत असतील, त्यातून गॅस निघत असेल, तुम्ही पाण्याचं बघा मावशी. मग तिनं चांदभाईंना सांगितलं. त्यांनी हसून सोडून दिलं. तिसऱ्या वेळेला तिनं सांगायचं सोडलं आणि करून दाखवलं.

भर दुपार होती. सगळे सावलीला बसलेले. आत्या नदीवरून दोन घागरी घेऊन आली, टाकीजवळ थांबली आणि चांदभाईंना हाक मारून म्हणाली, जरा हिकडं बघा. टाकीच्या काठाशी टोपाला बोट लावून तिनं तिथं कोळशानं रेघ ओढली आणि दोन्ही घागरी त्या तापलेल्या पत्र्यावर हळूहळू ओतल्या. पाणी चरचरलं. टोप सगळ्यांच्या देखत खाली गेला, रेघ जवळजवळ तीन बोटं बुडाली. गॅस कुठं गेला नव्हता, वास नव्हता, बुडबुडा नव्हता. तो आतच होता, फक्त आवळला होता.

चांदभाई उठून उभे राहिले. ते तरुणपणी मालट्रकवर होते. चाकात सकाळी ठासून हवा भरली की खेडच्या घाटात दुपारी टायर कसे टणक होतात आणि कधी फुटतात ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

आत्या म्हणाली, "गॅस तेवढाच हाय, चांदभाई. ऊन लागलं की फुगतो, गार झालं की आवळतो. सकाळी तुमी टोप पार काठाला आणून ठेवता. मग दुपारी त्यानं फुगायचं कुठं? टोपाची खालची कड पाण्याभायेर आली की सगळा गॅस मोकळा. आन् पंधरा पावलांवर ही भट्टी."

वडील सांगायचे, त्या वेळी मी वळून माझ्या भट्टीकडं पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी विसरलो.

चांदभाई म्हणाले, चौकटी एकदा पोचल्या की टाकी शेडमागं सावलीत हलवू. तोवर इकबाल थोडा कमी गॅस करील आणि तुम्ही टोपावर ओली पोती टाकून ठेवा. इकबालनं मान हलवली. चार दिवस त्यानं कमी गॅस केला. मग दुपारी ऐन कामात गॅस संपला, एक चौकट अर्धी राहिली, आणि पाचव्या दिवसापासून टोप पुन्हा काठाला. आत्या पोती भिजवत राहिली. वैशाखात नदी आटली, धार मोडून नुसते डोह उरले. जवळच्या डोहात म्हशी बसायच्या, म्हणून ती पुढच्या डोहावर जाऊ लागली. खेपेला दुप्पट वेळ. ती परत येईपर्यंत पोती कडकडीत वाळलेली असायची. त्या दिवसांत ती जेवत नव्हती नीट. कोंडाजीनं विचारलं तर म्हणाली, मी पाण्याला गेले की पाठीमागं ते वर चढतं.

तो शुक्रवार होता. चांदभाई खडे आणायला पुण्याला गेलेले. इकबालनं सकाळी नेहमीपेक्षा जास्तच गॅस करून ठेवला, कारण शेवटच्या सहा चौकटी त्या दिवशी संपवायच्या होत्या. दोन जोडल्या आणि अकराच्या सुमाराला तो नमाजासाठी सायकलवरून चाकणला गेला. येऊन बाकीच्या करतो म्हणाला. त्यामुळं बाकीचा गॅस तसाच राहिला, आणि डब्यात उरलेल्या खड्यांतून आणखी निघत राहिला. कारखान्यात एकटे माझे वडील, भट्टीत बैलगाडीचा आख लाल करत बसलेले. वारा पश्चिमेकडून होता, टाकीवरून भट्टीकडं.

अडीचच्या सुमाराला आत्या दोन घागरी घेऊन रस्त्यावरून खाली उतरली आणि जागीच थांबली. टोप एवढा वर तिनं कधी पाहिला नव्हता. एका बाजूला कलला होता, आणि त्या बाजूनं टाकीच्या काठाशी पाणी खदखदत होतं, चुलीवरच्या आधणासारखं. खड्यांच्या गॅसचा तो लसणासारखा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता. वडिलांना तो आला नाही. कारखान्यात तो वास थोडाफार नेहमीच असायचा, नाक मेलेलं होतं.

तिच्याजवळ पाणी होतं दोन घागरी. टोपावर ओतलं असतं तर तो खाली बसला असता. पण जो गॅस बाहेर पडला होता तो काही परत आत गेला नसता. हे सगळं तिनं किती वेळात ठरवलं कोण जाणे. ती टाकीला वळसा घालून पळत शेडमध्ये शिरली आणि पहिली घागर थेट भट्टीत उपडी केली. वाफेचा लोट उठला. लगेच दुसरी. गरम पाणी आणि राख तिच्या दोन्ही पायांवर आली, नडग्यांपर्यंत भाजली. ती ओरडली नाही.

वडील मात्र ओरडले. आख वाया गेला होता. संतापाच्या भरात त्यांनी सळईनं निखारे उकरले आणि भाता दोनदा ओढला. "दोनदा," असं ते प्रत्येक वेळी सांगत, आणि दोन बोटं दाखवत. तेवढ्यात आत्यानं त्यांचा दंड धरला.

"मालोजीभाऊ, टाकी सुटलीया. ऱ्हाऊ द्या समदं, भायेर चला."

तेव्हा त्यांना वास आला. दोघं शेडच्या मागनं निघून रस्त्यावर आले. आत्याला चालवत नव्हतं, तरी ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक बैलगाडी येत होती, ती तिनं लांबच थांबवली. मग चाकणच्या बाजूनं इकबाल आला. तोंडात पेटती विडी. तिनं थांब म्हणून हात केला तो त्याला कळला नाही, काहीतरी घाई आहे असं समजून जोरात पायडल मारत आला. तो सायकलवरून उतरतो न उतरतो तोच आत्यानं त्याच्या ओठातली विडी ओढून मुठीत चुरडली. गावातली बाई परक्या पुरुषाच्या तोंडाला हात लावते, हे पाहून गाडीवान सुद्धा उठून उभा राहिला.

इकबालचा चेहरा रागानं लालबुंद झाला. मग त्यानं टाकीकडं पाहिलं. त्याला समजलं. आणि समजल्यावर त्यानं जे केलं ते वडिलांना कधीच उमजलं नाही. तो म्हणाला, मी नळीची चावी बंद करतो, डब्यातलं पाणी काढतो, चांदभाईला काय तोंड दाखवू. आत्यानं त्याच्या सदऱ्याला धरलं. म्हणाली, "चावीनं काय व्हायचं न्हाई आता. वाऱ्याला नेऊ दे." त्यानं हिसका दिला. सदऱ्याची बाही तिच्या हातात राहिली. तो आठ-दहा पावलं गेला असेल.

भट्टीच्या तळाशी जे निखारे वडिलांनी दोनदा भाता ओढून जागवले होते, ते विझलेले नव्हते.

आधी उजेड झाला, मग आवाज. शेडचे पत्रे उडून पलीकडच्या उसात गेले. टोप टाकीतून उपटून निघाला आणि चिंचेच्या बुंध्याचं जे थुटुक उरलं होतं त्यावर आदळून फाटला. मोशीच्या वेशीत लोकांना वाटलं सुरुंग लावलाय. वडील रस्त्याच्या पलीकडं पडले होते, त्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. इकबालचा चेहरा आणि उजवा हात भाजला. तो वाचला, पण त्या हाताची तीन बोटं पुन्हा वाकली नाहीत. आत्याच्या डाव्या कानातून रक्त आलं. त्या कानानं तिला पुढं कधी ऐकू आलं नाही.

चांदभाई संध्याकाळच्या मोटारीनं आले. आधी इकबालला पाहिलं, मग जळलेल्या शेडभोवती एक फेरी मारली आणि सरळ आत्याच्या घरी गेले. ती ओसरीत पाय पसरून बसली होती, पायांवर चुन्याची निवळी आणि खोबरेल लावलेलं. चांदभाई खाली जमिनीवर बसले. कोंडाजीनं घोंगडी पुढं केली ती त्यांनी घेतली नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही दाखवलं तेव्हा मला पटलं होतं. पटलं नसतं तर आज मला एवढं वाटलं नसतं."

आत्यानं उजवा कान त्यांच्याकडं वळवला. त्यांना पुन्हा तेच बोलावं लागलं.

पावसाळ्यानंतर शेड पुन्हा उभी राहिली. नवी टाकी उत्तरेच्या बाजूला, वर गवताचं छप्पर, आणि भट्टी पार दुसऱ्या टोकाला. टोपावर तांबडा पट्टा कुठं मारायचा, म्हणजे तो पाण्याबाहेर दिसेल एवढा गॅस सकाळी करायचा नाही, हे चांदभाईंनी आत्याला विचारून ठरवलं. तिनं पट्ट्याखाली सहा बोटं मोकळी सोडली. नव्या कारागिराला हे फार वाटलं, पण चांदभाईंनी त्याचं ऐकलं नाही. इकबाल पुढं चाकणला किराणा दुकानात बसू लागला. मोशीवरून जाताना तो आत्याच्या दारात सायकल थांबवायचा, आत मात्र यायचा नाही.

कोंडाजी वारल्यावर आत्या आमच्याच आळीत राहायला आली. तोवर पिंपरीच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडी एकामागून एक उभ्या राहत होत्या. जिथं झाड होतं तिथं ते आधी तोडायचे. बाजाराला निघाली की तिची नजर प्रत्येक शेडपुढं फिरायची, आणि टाकी उन्हात दिसली की ती आत शिरायची. टोपाला हात लावायची, बोटं मोजायची, आणि तिथल्या माणसाला सगळं सांगायची. काही ठिकाणी ऐकून घ्यायचे. बऱ्याच ठिकाणी, आजी, तुमचं इथं काय काम, म्हणून बाहेर काढायचे.

एकदा माझी आई तिच्याबरोबर होती. आकुर्डीजवळच्या एका शेडमधून तिला असंच बाहेर काढलं. आई म्हणाली, चला आता, ऊन फार झालंय. आत्या निघेना. ती रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन, त्या टोपाकडं बघत. आत माणसं हसत होती. आईला उशीर होत होता. ती चिडून पुढं गेली, आणि बरंच लांब गेल्यावर मागं वळून पाहिलं तर आत्या अजून तिथंच होती, आणि बोटं मोजत होती.