पितळी मुठीचा चाकू

पेरू चिरताना वडिलांच्या चाकूच्या पितळी मुठीचा वास हाताला लागला आणि आज पुन्हा डोकं तापलं. मी लहान असताना इंदापूरच्या बाजारात त्यांनी तो चार चाकू उघडून, मिटून निवडला होता.

"टिकंल बी, खिशात शोभंल बी," ते म्हणाले.

आम्ही बौद्धवस्तीतले, हे दुकानदाराला ठाऊक होतं. त्यानं चाकू वडिलांच्या हातात न देता फळीवर ठेवला. मी वडिलांना कारण विचारलं.

"चाकू हातात द्यायचा नसतो, भांडणं व्हत्यात," वडील म्हणाले. मला पटलं.

लगेच आमच्या मागं उभ्या असलेल्या पाटलांना दुकानदारानं तसलाच चाकू हातात दिला. वडील तोवर रस्त्याकडं बघायला लागले होते.

दुकानदाराचा राग येतोच. त्याहून जास्त येतो तो वडिलांना ते उत्तर इतकं पटकन सुचलं याचा. त्यांच्या वडिलांनीही त्यांना तेच सांगितलं असणार.