उतारावर बंद पडणारी गाडी

बाबांची गाडी माझ्या वाट्याला आली तेव्हा ती गाडी कमी आणि काटकसरीचं व्रत जास्त होती. पेट्रोल वाचवण्यासाठी बाबांनी तिच्यावर केलेले प्रयोग सांगायला बसले तर दिवस मावळेल. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्या बारीक भोकाच्या जेटमधून येतं, तो जेट त्यांनी आणखी बारीक बसवून घेतला होता. टायरांत हवा इतकी ठासून भरलेली असायची की खड्डा आला की दातांना कळायचं. ॲव्हरेजबद्दल कुणी विचारलं की त्यांचा चेहरा उजळायचा. ताकदीबद्दल विचारलं तर ते विषय बदलायचे.

बाबा गेले, आणि रत्नागिरीच्या घरात आई आणि मी उरलो. मी शाळेत शिकवते. लग्न केलेलं नाही, आणि का नाही असं विचारणाऱ्याला मी धड उत्तर देत नाही. भाऊ पुण्याला असतो. फोनवर त्याचं एकच पालुपद होतं, "आई विसरायला लागलीय. तू शाळेत असतेस तेव्हा तिच्याजवळ कोण असतं? मी तिला इकडे आणतो." माझं डोकंच फिरायचं. आई चांगली ठणठणीत होती. चष्मा शोधत घरभर फिरायची, पण तो तर मीही शोधते. "पुण्याला नेऊन काय करशील? बाल्कनीत वाळत घालशील?" असं मी त्याला एकदा ऐकवलंसुद्धा. शेवटी तो म्हणाला, गणपतीत येतो, स्वतः बघतो आणि मग ठरवतो. आईला माझ्यापासून कुणी नेऊ नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी ठरवलं, आईला घराबाहेर काढायचं. माणसांत राहिलं की माणूस ताजं राहतं. मावशी घाटावर पाटणला राहते. बाबा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते तेव्हा आम्ही कॉलनीतून कुंभार्ली घाट चढून तिच्याकडे वरचेवर जायचो. तो रस्ता आईचा आवडता. पण बाबांच्या त्या उपाशी गाडीला आता घाट झेपेना. माल भरलेले ट्रक आम्हाला ओलांडून जायचे आणि क्लीनर खिडकीतून वळून बघायचे.

मिरकरवाड्याच्या वाटेवर एक फिटर आहे. पुष्कळ वर्षं आखातात मोठमोठ्या गाड्या उघडून परत आलेला. त्याने बॉनेट उचललं आणि विचारलं, "बाई, ताकद पायजे का ॲव्हरेज?"

"दोन्ही."

"दोनी? तुमच्यासारखी अजून चार गिऱ्हायकं आली ना, तर मी परत दुबईला जातंय."

पण गडी हौशी होता. त्याने कुठून तरी दोन नळ्यांचा कार्बोरेटर पैदा केला. हळू चालवलं तर एकच नळी पेट्रोल पिते, पाय दाबला तरच दुसरी उघडते. म्हणजे सपाटीवर बाबा आणि चढावर मी, असं मी मनात म्हटलं. टायमिंग जुळवलं, प्लग बदलले, आणि गाडीचा आवाजच बदलला. खोकत चालणारी गाडी आता गुरगुरायला लागली. आईने पहिल्याच दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यांची गाडी अशी बोलत नाही," ती म्हणाली. मी हसले. बाबांचा उल्लेख ती अजून असाच, ते बाजारात गेल्यासारखा करायची, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

श्रावणात आम्ही पाटणला गेलो. घाट गाडीने असा चढला की मला गाणं म्हणावंसं वाटलं. परतताना भरदुपारी उतारावर धुकं होतं. पोफळीकडे उतरताना एका आंधळ्या वळणावर मी हॉर्न दिला, क्लच दाबून गिअर उतरवला, आणि इंजिन बंद पडलं. कसला धक्का नाही, कुरकुर नाही. गुरगुर होती आणि मग नव्हती. ब्रेकवर पाय ठेवला तर तो दगडासारखा जड. टायरांची सळसळ आणि काचेला घासणारा वारा, एवढंच ऐकू येत होतं. मी चावी उलटसुलट फिरवली आणि गाडी सुरू झाली. शेजारच्या सीटवर आई शांत बसून होती.

मला घाबरवलं ते बंद पडण्याने नव्हे, त्या शांततेने. लहानपणी आम्ही तो उतार असाच उतरायचो. बाबा त्याच वळणावर इंजिन बंद करायचे आणि गाडी पोफळीपर्यंत नुसती घरंगळत यायची. फुकटचा घाट, म्हणायचे. मागच्या सीटवर मी डोळे मिटून ऐकत असायचे. इतकी ताकद भरलेली गाडी, पण मुकी झाली की ती पुन्हा बाबांचीच होत होती.

फिटरने सगळं तपासलं. "कायपण दोष नाय. टाकीत पाणी गेला असंल." टाकी धुतली. पुढच्या खेपेला गाडी पुन्हा बंद पडली, आणि त्याच वळणावर. गाडी सुरू होण्याआधीच्या त्या क्षणात आईने सुटकेचा श्वास सोडलेला मी स्पष्ट ऐकला. "आता कशी बरी चाललीय," ती म्हणाली. मी शास्त्र शिकवणारी बाई, पण त्या रात्री देवासमोर दिवा लावताना मी बाबांना मनातल्या मनात विचारलं, तुम्ही आहात का त्या गाडीत? आणि खरं सांगते, ते आहेत असं कुणी सांगितलं असतं तर मला भीतीपेक्षा बरंच वाटलं असतं.

फिटर आता चिडला होता. त्याची इज्जत पणाला लागली होती. "आता बंद पडली ना, की चावीला हात लावायच्या आधी डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघा. दिवा पेटला तर पेट्रोलचा घोटाळा. दिवाच नसंल तर करंट जातोय कुठंतरी."

गणपती तोंडावर आले असताना आम्ही पुन्हा गेलो. मावशीने निघताना मागच्या सीटवर घेवड्याची पिशवी ठेवली. उतारावर धुकं इतकं दाट होतं की रस्ता गाडीपुढे थोडाच उरत होता. ते वळण आलं. मी हॉर्न दिला, क्लच दाबला आणि ह्यावेळी डोळे दिव्याकडे नेले.

त्या गाडीची चावी डॅशबोर्डच्या मधोमध आहे. पदराखालून एक हात आला. न चाचपडता, सवयीने, त्याने चावी मागे फिरवली आणि परत पदराखाली गेला. दिवा पेटलाच नाही.

तो आईचा हात होता. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचे, आणि चावी आई बंद करायची. इतकी वर्षं मी मागे डोळे मिटून बसले होते, मला ते कधी दिसलंच नव्हतं. ज्या ॲव्हरेजचा बाबांना एवढा अभिमान होता, ते दोघांचं मिळून होतं. आणि मी वेड्यासारखी कार्बोरेटर उघडून घेत राहिले.

"आई, काय करतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, उलट फार ओळखीचा, लटका राग होता.

"अहो, समोर बघा ना," ती म्हणाली.

हा आवाज मी आयुष्यभर शेजारच्या खोलीतून ऐकला होता. माझ्यासाठी तो कधीच नव्हता. जड ब्रेकवर सगळा भार देऊन मी गाडी सावरत होते, आणि चावीकडे हात नेण्याचं धाडस मला होत नव्हतं. गाडी सुरू केली तर ती पुन्हा आई होईल की नाही, कोण जाणे. भावाला द्यायची सगळी उत्तरं मी पाठ केली होती. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

आई मागे वळली. घेवड्याच्या पिशवीकडे, रिकाम्या सीटकडे बघत राहिली.

"पोरगी कुठे आपली?"

मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. "येतेय," मी म्हटलं. "मागून येतेय."

"एकटी?"

"हो."

"एवढ्या धुक्यात? अहो, घाबरेल ती." तिचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट धरला होता तिने. "थांबा जरा. तिला येऊ दे."

मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. आईने काच खाली केली आणि वरच्या वळणाकडे टक लावली. मग आम्ही तिथे बसून माझी वाट बघत राहिलो.