आंबेटाकचे मंगळवार

१९६५ सालचा मे महिना, शेवटचा सोमवार. कचेरीतून प्रवासखर्चासाठी घेतलेली उचल पंधरा रुपये. निघताना घरात हजर मी आणि सौ. दोघेच. तिने डब्यात पोळ्या आणि गुळांबा दिला. दारापर्यंत आली आणि म्हणाली, “पाणी उतरलं असेल तर देवळापुढचं उखळ दिसतंय का, तेवढं बघा.”

हे उखळ मी कधी पाहिलेले नव्हते. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण सासुरवाडीला एकदाही गेलो नाही, कारण ती मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठले तेव्हा सौ. सहा वर्षांची होती. तिचे वडील पुण्यात आले आणि तिथेच वारले. इतर बायका दिवाळीला माहेरी जातात, तेव्हा ही घरातली भांडी घासून लख्ख करते. कारण मी कधी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

आता काम काय होते ते सांगतो. मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत विजेवर चालणारे गणकयंत्र आले आहे, आणि त्यावर दर आठवड्याला काही वेळ आमच्या कचेरीला मिळतो. डोंगरात पाऊस पडला तर धरणात पाणी किती आणि केव्हा चढेल, हे त्या यंत्राकडून आधीच काढून घेता येईल का, असा आमचा अभ्यास चालला आहे. त्यासाठी गेल्या दहा वर्षांचा, गावोगावचा, रोजचा पाऊस जाड कागदाच्या पत्रांवर भोके पाडून यंत्राला द्यावा लागतो. एका दिवसाचे एक पत्र. ती पत्रे तपासणे हे माझे काम.

सगळ्या केंद्रांचा हिशेब बरा जमत होता, फक्त आंबेटाकचा जमेना. आजूबाजूच्या गावांत धो धो पाऊस, आणि आंबेटाकला शून्य. दुसऱ्या दिवशी तिथे एकदम दुप्पट. असे वर्षातून चार-पाच वेळा, तारखा दर वर्षी वेगळ्या. आमचे साहेब तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी सांगितले, “हे केंद्र गाळा. माणूस मोजतच नसेल. पर्जन्यमापक काढून दुसऱ्या गावी बसवू.” मी म्हणालो, काढण्याआधी एकदा पाहून येतो. ते माझ्या बायकोचे माहेर आहे हे मी सांगितले नाही. हिशेबात त्याचा काही संबंध नव्हता.

पुण्याहून निघालेली एसटी पिरंगुटचा घाट चढली तशी हवा बदलली. पौडला गाडी बदलायची होती. दुसरी गाडी चाक फुटल्यामुळे उशिरा आली, म्हणून तिथेच डबा सोडला. शेजारी एक म्हातारी करवंदांची पाटी घेऊन बसली होती. मी पोळीबरोबर नुसता गुळांबा खातोय हे तिला बघवेना. तिने न विचारता माझ्या डब्यात ठेचा घातला. पैसे देऊ लागलो तर म्हणाली, “ठेच्याचं पैसं घेत्यात व्हय कुटं? करवंदं घ्या.” घेतली. आंबट निघाली.

मुळशीला उतरून पुढे तासभर चाललो. भाताची खाचरे भाजून काळी पडली होती (पेरणीआधी इथे शेतात पालापाचोळा जाळतात, त्याला राब म्हणतात). उजव्या हाताला जलाशय. पाणी खूप खाली गेले होते आणि काठाला तडकलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यात कुठे बांध, कुठे विहिरीचा काठ. एखाद्या घराचा सारवलेला भाग ओल येऊन उखडावा तसे ते दिसत होते.

जुने गाव बुडाल्यापासून आंबेटाक चढावर आहे, दहा-बारा घरांचे. पर्जन्यमापक एका अंगणात तारेच्या कुंपणात उभा होता. त्याची निगा किसनराव मरळ ठेवतात. वय साठीच्या पुढे, अंगात बंडी, आवाज मोठा. मी कचेरीचे नाव सांगताच त्यांनी पाणी विचारले नाही, बसा म्हटले नाही. कुंपणाला पाठ लावून उभे राहिले.

“उचलून न्यायला आलाय का?”

मी म्हणालो, अजून ठरलेले नाही, आधी काही विचारायचे आहे.

“मग इचारा.”

मी पिशवीतून आमचा तक्ता काढला आणि गेल्या वर्षीचे शून्यांचे दिवस वाचून दाखवले. चार वाचल्यावर त्यांनी हाताने थांबवले आणि आत सुनेला गेल्या सालचे पंचांग आणायला सांगितले. त्यांनी ते चाळले आणि माझ्यापुढे धरले. सगळे दिवस श्रावणातले मंगळवार होते.

“श्रावणात मंगळवारी गावदेवीचा वार आसतोय,” ते म्हणाले. “त्या दिशी आमी माप घालत न्हाई. भात मोजत न्हाई, दूध मोजत न्हाई. मग पाऊस कसा मोजावा? त्यो काय पळून जात न्हाई, डब्यात ऱ्हातोय. बुधवारी दोन्ही दिसांचा मोजतो.”

“पण मग शून्य का लिहिता?”

“कुणी लिवलं? मी जागा मोकळी सोडतो. मोजला न्हाई म्हनलं, पडला न्हाई असं कवा म्हनलं मी?”

मी तक्ता घडी करून पिशवीत ठेवला. ते शून्य आमचेच होते. पत्रावर भोके पाडणाऱ्या खोलीत तक्त्यातले मोकळे घर चालत नाही. यंत्राला काहीतरी द्यावेच लागते, म्हणून रिकाम्या घरी शून्य पाडायचे असा नियम आहे. पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजणे यांत फरक आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नव्हते.

श्रावणातही मोजाल का, असे मी एकदा विचारून पाहिले. किसनराव म्हणाले, “न्हाई.” मग आवाज खाली आला. “पावणं, ह्या घरांला आता शेजारच्या गावाचं नाव हाय. मतदान त्या नावानं, टपाल त्या नावानं. आंबेटाक म्हून कागुद येतो त्यो फकस्त तुमच्या पावसाचा. ह्यो डबा गेला तर आमचं गाव दुसऱ्यांदा बुडालं.”

मग मला राहवले नाही. मी सासऱ्यांचे नाव सांगितले. किसनराव कुंपण सोडून पुढे आले. मग सुनेला हाक मारली, “आगं, भाकरी टाक. जावई हायेत आपलं.” आणि मला म्हणाले, “आन् जावई घर जप्त करायला आल्यागत उन्हात हुबा!”

तांदळाची भाकरी, जलाशयातल्या मासळीचे कालवण आणि कांदा. जेवताना आजूबाजूच्या घरांतली माणसे येऊन बसली. एका म्हातारीने सौ.चे बाळपणीचे नाव विचारले. मी सांगितले. “व्हय व्हय,” ती म्हणाली, “लई रडकी हुती.” ही माहिती मला नवीन होती.

उखळाचे विचारले तेव्हा किसनरावांनी नाव काढवली. चिखलातून चालत जाणे धोक्याचे होते. नाव त्यांच्या चुलतभावाची, महादूची. पाणी संथ होते. किसनराव बोटाने दाखवत गेले: हितं पेठ, हितं तुमच्या सासऱ्याचं आंगण. खाली फक्त हिरवट पाणी होते, पण मी दर वेळी वाकून पाहिले.

देवळाचा चौथरा पाण्याबाहेर आला होता. त्यापुढे खडकात कोरलेले उखळ गाळाने भरले होते. “समद्या गावाच्या बाया हितंच कांडायच्या,” किसनराव म्हणाले. मी बाही सारून गाळ उपसला. तळाशी दगड अजून गुळगुळीत होता. खोली वितीने मोजली: एक वीत आणि चार बोटे. सोमवार होता, त्यामुळे मोजायला हरकत नव्हती.

परत काठाला लागल्यावर महादूने हात पुढे केला. किसनराव त्याच्यावर ओरडले, जावयाकडून भाडे घेतोस म्हणून. महादू शांतपणे म्हणाला, “जावई तुमचा. नाव माझी हाय.” मी आठ आणे दिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळे सांगितले. ते स्वतःच कागद ओढून आकडे मांडू लागले. आता ‘मोजले नाही’ यासाठी पत्रावर वेगळे भोक पाडतात. तसे भोक दिसले की यंत्र पुढच्या दिवसाचा पाऊस दोन्ही दिवसांचा मिळून धरते. हिशेब जमला. तशी मोकळी घरे इतर केंद्रांतही निघाली, आणि त्यांची कारणे आता गावोगाव विचारावी लागतील. आंबेटाकचा पर्जन्यमापक जागेवर राहिला.

घरी सौ.ला उखळाची खोली सांगितली. तिने उजवा हात लांब केला आणि डाव्या हाताने कोपरावर खूण धरली. “माझा इथपर्यंत जायचा,” ती म्हणाली. बराच वेळ तिने ती खूण सोडली नाही. मोजता येण्यासारखी एवढी एकच गोष्ट मी तिथून आणू शकलो. बाकीचे घर मोकळे आहे, आणि त्यात शून्य लिहू नये एवढे मला कळले आहे.

खर्चाचा तक्ता कचेरीला दिला. एसटी आणि करवंदे धरून झालेला खर्च वजा करून उरलेली उचल परत केली. करवंदे मंजूर झाली नाहीत, ते रास्तच. नावेचे आठ आणेही नामंजूर झाले. शेरा असा होता की पर्जन्यमापक काठावर असताना जलप्रवासाचे कारण दिसत नाही. सौ.ने तो शेरा दोनदा वाचला. मग देवापुढच्या डबीतून आठ आणे काढून माझ्या हातावर ठेवले. माहेरी जायचे भाडे तिचे तिनेच दिले.