रतनला धरल्याची बातमी

सोसायटीत नवा भाडेकरू आला की माझ्या आजेसासूबाई सोजरबाई गॅलरीत उभ्या राहून त्याचं सामान उतरताना पाहत. मग मला विचारत, "पूर्वे, ह्यो कंपूटरवालाच हाय कशावरनं?"

मी हसायचे. हडपसरला त्यांच्या शेतावरच ही सोसायटी उभी राहिलेली, निम्मे भाडेकरू सॉफ्टवेअरमधले. त्यांच्याबद्दल एवढा संशय कशाला, हे मला कळलं ते दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये.

"गावातल्या यज्ञेश्वर गुरुजी सभागृहात सत्कार आहे," मी सहज म्हटलं. "रंगनाथ म्हणून स्वातंत्र्यसैनिक आहेत. वाघोलीला मुलाकडे असतात."

आजींनी चहाचा कप खाली ठेवला. "सायकलवाला? जिता हाय त्यो?"

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

बेचाळीसच्या चळवळीत आजी सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. डोक्यावर माळव्याची पाटी घेऊन त्या घोरपडीच्या लष्करी भटारखान्यात भाजी द्यायला जात. पलटण येणार असली की तिथला बबर्ची जास्त कांदे-बटाटे सांगे. जाणार असली की "उद्या नको" म्हणे. गोरे सैनिक कधी येतात, कधी हलतात, हे त्यावरून समजे. परतताना त्या कॅम्पातल्या एका सायकलच्या दुकानाशी थांबत. तिथे काम करणाऱ्या रंगनाथला निरोप देत, आणि तो यज्ञेश्वर गुरुजींना पोहोचवी. गुरुजी शाळामास्तर, गटाचे पुढारी. आजींचा थोरला भाऊ रतन त्याच गटात होता.

एकदा बबर्ची म्हणाला, उद्या नको. पलटण निघाली, म्हणजे मांजरी स्टेशनाकडच्या रुळांवरचा पहारा सैल पडणार. आजींनी तसं कळवलं. रतन तिथल्या तारायंत्राच्या तारा तोडायला गेला, तर पोलीस आधीच झुडपात दबा धरून बसलेले. त्याला पकडलं. पुढे तुरुंगात तापाने तो गेला.

"कुणीतरी फोडलं," आजी म्हणाल्या. "गुरुजी घरी येऊन माझ्या कानात बोललं, सायकलवाल्यापासनं जपून ऱ्हा. तवापासनं मी त्या दुकानावरनं गेले न्हाई. आता मला त्या सत्काराला ने."

सत्कार झाला. गर्दी पांगल्यावर मी आजींना घेऊन पुढे गेले. रंगनाथकाका शाल घडी करत होते.

"मी रतनची भैन."

त्यांनी वर पाहिलं. "ओळखलं. आपण आला नसता तर बरं झालं असतं."

"का? भ्या वाटतं?"

"भीती कसली? रतन गेला तो तुमच्या निरोपावर. तुम्ही त्या बबर्च्याशी हसून बोलायचात, हे सगळ्यांना ठाऊक होतं."

"हसल्याबिगर त्यो बोलत नव्हता," आजी म्हणाल्या. "मी निरोप तुमाला दिला. तुमी कुणाला दिला?"

"गुरुजींना. दुसऱ्या कुणालाही नाही."

"आन मी बबर्च्याला फितूर झाले, हे कुणी सांगितलं?"

काका म्हणाले, "गुरुजींनीच."

"मला बी तुमच्याबद्दल त्यांनीच सांगितलं."

समोरच्या भिंतीवर हार घातलेला गुरुजींचा फोटो होता. दोघांनी तिकडे पाहिलं, मग पुन्हा एकमेकांकडे. आजींचा चेहरा मात्र निवळला नव्हता.

"मेलेल्याच्या नावावर काय बी टाकता येतंय," त्या म्हणाल्या.

"येतं ना. आपणही तेच करत असाल," काका म्हणाले आणि काठी घेऊन निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते रिक्षाने आमच्या दारात हजर झाले. आजींनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"एकच विचारायचंय," ते म्हणाले. "गुरुजी तुमच्याकडे आले ते केव्हा?"

"धरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळीच. आई चुलीपाशी होती."

"तोवर तुम्हाला रतनचं कळलं होतं?"

"न्हाई. त्यांनीच तर सांगितलं. त्यो माघारी आला न्हाई म्हून आमी वाट बघत हुतो."

"पोलिसांनी रतनला पकडून थेट पुण्याला नेलं. आमच्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता. मला त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही चौकीतल्या एका ओळखीच्या हवालदाराकडून. मग गुरुजींना सकाळी कुणी सांगितलं?"

आजी भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या.

"त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले हुते," त्या म्हणाल्या. "भावाचं सांगायला आलं म्हून."

मी चहा ठेवला. काका खुर्चीत बसले. गुरुजींना दुसरीकडून कळलं असेल, अशी शक्यता त्यांनीच बोलून दाखवली; आजींनी ती झटकली, मग स्वतःच पुन्हा उकरून काढली. पुरावा दोघांपाशीही नव्हता. गावात बोलायचं तर गुरुजींचं नाव सभागृहावर होतं आणि त्यांची नातवंडं गावातच नांदत होती. दोघांनी गप्प राहायचं ठरवलं. रतनचं नाव तरी पुढच्या कार्यक्रमात घ्यायला लावतो, असं काका म्हणाले, आणि त्यांनी ते घ्यायला लावलंही.

त्यानंतर ते अधूनमधून येऊ लागले. दोघं रतनच्या आठवणी काढत, कधी हसतही. एकदा ते गेल्यावर मी आजींना विचारलं, "आता तरी काकांवरचा संशय गेला का?"

आजी कपबशा गोळा करत होत्या. "बरा मानूस वाटतो," त्या म्हणाल्या. "वाटतो, एवढंच."