शिकवून आणलेली मुलगी

गेल्या वर्षी देवनारकडच्या एका वस्तीत मी लहान मुलांची तपासणी करत होते. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची एक शेड होती. त्या धुराने वाढत्या मेंदूचं काय होतं, हे मी ठोकळे, चित्रं आणि सोप्या आकड्यांवरून ताडायचे. मुलुंडहून निघतानाच मला कंटाळा यायचा. शिसं काही ओरडत येत नाही. मूल जरा मंद होतं आणि घरचे म्हणतात, बापावर गेलंय.

वस्तीतल्या आयांनी याची चक्क परीक्षा करून टाकली. सकाळी एका मुलाला विचारलं, की दुपारपर्यंत पेपर गल्लीभर फुटलेला. शेडच्या भिंतीला लागून राहणाऱ्या एका बाईने तर पाच वर्षांच्या मुलीकडून सगळं घोकून घेतलं होतं. मी म्हटलं, माझ्यामागून म्हण बाळा, पाच, दोन, आठ. ती घडाघडा म्हणाली, तीन, नऊ, एक. हे आकडे मी शेजारच्या पोराला विचारलेले होते. आई कौतुकाने बघत होती. मला हसू आलं आणि लगेच सगळ्याचा वीट आला.

मी बाईला समजावलं, की इथे पास-नापास नाही. जी मुलं अडखळतात, त्यांनाच रक्त तपासायला मोठ्या हॉस्पिटलात नेतात. सगळ्यांचंच तपासा, हे वरच्यांना सांगून माझं तोंड दुखलं होतं. बाईने मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, मुलीचं पोट सारखं दुखतं, सांगितलेलं लक्षात राहत नाही, आणि घर या शेडवाल्यांचंच, ते सोडून जायचं तरी कुठे?

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. ठोकळे मांडले.

"येत नाही," मुलगी म्हणाली.

मांजराचं चित्र दाखवलं. येत नाही. आई दारात उभी राहून मान डोलवत होती. मी सामान पिशवीत भरलं आणि सहज विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

तिने आईकडे बघितलं.

"येत नाही."

"आता तरी न्याल ना हिला, ताई?" आई म्हणाली.

यात आईने शिकवलेलं किती आणि शिशाने नेलेलं किती, मला खरंच सांगता येत नव्हतं. नेते, म्हटलं.