बाईंच्या पुस्तकातली किरकिर

गल्ली ज्याला पेचकस म्हणे त्या कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्याला बाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे नुसते तळपाय दिसत होते. उरलेला पेचकस टेबलाखाली होता, आणि टेबलावर मेलेल्या कॉम्प्युटरांचा असा डोंगर रचलेला होता की कुणी जोरात शिंकलं असतं तर निम्मी गल्ली गाडली गेली असती. बाई खाकरल्या. डोंगर हलला, वायरींचं जंगल दुभंगलं, आणि कपाळाला धूळ, दातांत स्क्रू, कानावर पेचकस अशा थाटात दुरुस्तीवाला प्रकट झाला.

"काय होतंय?" त्याने विचारलं. कॉम्प्युटरला की बाईंना, ते कळायला मार्ग नव्हता.

बाई निवृत्त शिक्षिका. अंध विद्यार्थ्यांसाठी घरी बसून पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करून देत. आवाज असा की चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरची झोप मोडत आला होता. पण ज्या ग्रंथालयाला ही पुस्तकं जात, तिथले तपासनीस स्वतः अंध, आणि त्यांना म्हणे मुंगीचं पाऊलही ऐकू येई. 'मागे किरकिर आहे' म्हणून त्यांनी बाईंचं हिशेबशास्त्र तीनदा परत पाठवलं होतं. शनिवारपर्यंत स्वच्छ रेकॉर्डिंग गेलं नाही तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे जाणार होतं. बाईंना रात्रंदिवस तोच घोर लागला होता.

"मला सगळ्यात भारी साउंड कार्ड दे," बाई म्हणाल्या. यजमान सोडले तर जगातल्या सगळ्यांना त्या अरे-तुरे करत. "आत मदरबोर्डावर आवाजाची सोय आयतीच असते म्हणे. आयतं कधी धड असतं का?"

"किरकिर कशी येते? काढून दाखवा."

"काढून?"

"तोंडाने. लाजू नका, इथे सगळेच काढतात."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "किर्रर्र... किर्रर्र. माउस हलवला की आणखी जोरात." रस्त्याने जाणारे दोघे थबकले.

पेचकसचा चेहरा लग्न ठरल्यासारखा खुलला. "बाई, घरी येतो. कार्ड आणतो, पण दाखवायला. विकायला नाही."

घरी कॉम्प्युटर झबलं घालून बसला होता. धूळ बसू नये म्हणून बाईंनी कॅबिनेटला फुलाफुलांचं झबलं शिवलं होतं, पुढे माइकच्या पिनेपुरतं काज ठेवून. पाठ भिंतीला टेकलेली.

"आमच्या पोरांना इतकं मापात शिवलेलं कधी मिळालं नाही," बाईंचे यजमान म्हणाले.

"अहो, गप्प बसा."

पेचकसने झबलं उतरवलं, कॅबिनेट उघडलं. "हे पाहा. पुढच्या सॉकेटची ही बारीक तार आतल्या सगळ्या गर्दीतून जाते, आणि वाटेत भेटेल त्याची कुजबुज घेऊन पुढे जाते. मागचं सॉकेट थेट बोर्डावर आहे."

मग त्याने बाईंकडून एकच उतारा तीनदा वाचून घेतला: माइक पुढे लावून, मागे लावून आणि कार्डाला लावून. यजमानांना पाठमोरं बसवून तिन्ही ऐकवले, कुठला कुठला ते न सांगता.

"पहिल्यात किरकिर आहे. दुसरा न् तिसरा सारखेच," यजमान म्हणाले. "आणि तिन्हींत ही मलाच रागावतेय."

"कार्डाने फरक पडतो, खोटं कशाला बोलू?" पेचकस म्हणाला. "गाणं रेकॉर्ड करायचं असतं तर घ्याच म्हटलं असतं. तुम्हाला घसारा वाचायचाय." त्याने कार्ड काढून पिशवीत टाकलं.

"अरे, एवढा आलास, काहीतरी विकून तरी जा!"

"झबल्याला मागे एक काज करा."

हा त्याचा धंदा. पिन इकडची तिकडे करून त्याने इतक्या गिऱ्हाइकांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं की दुकान वीस वर्षांत वीतभरही वाढलं नव्हतं. त्याची बायको म्हणे, "ह्यांना दुकान नको, धर्मशाळा काढून द्या." बाईंना मात्र त्या दिवसापासून त्याचं कौतुक किती करू नि किती नको असं झालं. भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना त्यांनी पेचकस ऐकवला. डॉक्टरांना तर स्वतःच्या तोंडात कापूस असतानाच.

शनिवारी रेकॉर्डिंग गेलं. सुरुवातीला बाईंनी पुस्तकाचं नाव वाचलं, आपलं नाव वाचलं, आणि ठणठणीत आवाजात पुढे वाचलं, "किरकिर काढणारे, श्रीयुत पेचकस."

तपासनिसांचा फोन आला. "बाई, स्वच्छ आहे. आता तुमच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा नीट ऐकू येतं. पेचकसांना माझा नमस्कार सांगा."

नमस्कार सांगायला बाई स्वतः दुकानात गेल्या. बारा तासांचं ते पुस्तक तपासनिसांनी मंजूर केलं.

पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि ते पुस्तकच रद्द झालं.