नदीकाठचा बंगला आणि मामा

माझ्या बायकोच्या मामांइतकं घरावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोनंही आमच्या मामींइतकंच सोसलं असेल. तुमसरपासून थोडं आत, वैनगंगेच्या काठी मामांचा लाल विटांचा बंगला आहे. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं तो बांधला आणि मामांच्या आजोबांनी तांदळाच्या धंद्यात बरे दिवस असताना विकत घेतला. खात्रीचा इतिहास एवढाच. बाकीचा मामा पाहुणा पाहून सांगतात. शेतकरी आला की साहेब कालव्याचा इंजिनिअर होतो, नाकाडोंगरीकडचं कुणी आलं की मँगनीजच्या खाणीवरचा. बंगला दाखवून होईपर्यंत चहा येत नाही. दोन हात जाड भिंती, छताजवळचे झरोके, लोखंडाशिवाय उभ्या कमानी. "पाहा जवाईबापू, एकमेकीले धरून उभ्या आहेत विटा. आपल्या सोयऱ्यांत आहे का असं?" भिंतीत खिळा ठोकायची कुणाची छाती नाही. त्यामुळे मामा-मामींच्या लग्नाचा फोटो खुर्चीवर बसलेला असतो, आणि पाहुणे जास्त झाले की त्याला उठावं लागतं. मामी म्हणायच्या, "मले या घरात देलं का या घराले देलं, अजून समजून नाही राह्यलं."

एका पावसाळ्यात मी तिथं असतानाच नदी फुगली. तुमसरहून मामांचा मुलगा गाडी घेऊन आला. "बाबा, चाला. जिवापेक्षा घर मोठं आहे का?"

"साहेबानं जोतं छातीएवढं काहून बांधलं? नदीले विचारूनच बांधलं," मामा म्हणाले आणि हलले नाहीत. मामी त्यांना शिव्या देत तिथंच थांबल्या, म्हणून आम्हीही थांबलो. दुपारी काठावरच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरांत पाणी शिरलं. मामांनी सगळी दारं उघडली, आणि बायका, पोरं, बकऱ्या, कोंबड्या सगळे वर आले. चारी बाजूंनी पाणी, पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. एक म्हातारी रडवेली होऊन म्हणाली, "भाऊ, पडन का हे घर?"

बोलायला इतकी माणसं मामांना जन्मात मिळाली नव्हती, पण इतिहास त्यांच्या ओठांवर आला नाही. त्यांनी म्हातारीचा हात भिंतीवर ठेवला. "थरथरते का?"

"नाही."

"मंग बस, माय."

तेवढ्यात एका ओल्या बाळंतिणीला आडोसा हवा झाला. मामींनी लुगडं आणलं, पण दोरी बांधायला खिडकीचा गज एकाच बाजूला. मामा क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. मग पाट्याचा वरवंटा उचलून त्यांनी स्वतः खिळा ठोकला. प्रत्येक घावाला त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. पाणी वरच्या पायरीशी थांबलं आणि सकाळी उतरू लागलं.

गेल्या दिवाळीत एका मित्राला घेऊन गेलो, तर मामा दम्यानं बेजार होऊन व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेले. बंगला मामींनी दाखवला. "ह्या खिडक्या मडमेनं सांगतल्या तशा लावल्या. साहेब बायकोचं ऐके."

मी मामांना हळूच विचारलं, "खरं का हो हे?"

"मले काय माहीत?" मामांनी दम घेतला. "पण बोलू द्या. चांगलं सांगून राह्यली."

मामी आतल्या खोलीत गेल्या. जाड भिंतींआड त्यांचा आवाज लहान होत गेला, आणि मामा डोळे मिटून, कान देऊन ऐकत राहिले.